भुईवर घेऊ नका

अमरावती
२२ मे २०२५

काकू,

इथूनच पाया पडते. परवा फोन केला होता, पण मी काकांचा बीपी विचारला आणि तू "हो, जेवली मी" म्हणून ठेवून दिलास. कानाचं मशीन तू साखरेच्या रिकाम्या डब्यात घालून ठेवतेस, हे आकांक्षानं मला सांगितलंय. आपल्या आईची चहाडी करायला तिला फार आवडतं. तेव्हा पत्रच बरं. तू मास्तरीण असताना वर्गातल्या पोरांना पत्रलेखन शिकवायचीस, आणि मी अकरावी-बारावीला तुझ्या घरी राहिले तेव्हा मलाही सोडलं नव्हतंस. आता भोग.

काका कसे आहेत? खरं खरं लिही.

रविवारचं डोळ्यांपुढून हलत नाही. माझं साक्षगंध, बाबा नाहीत म्हणून त्यांच्या जागी काका उभे, आणि कुंदनच्या कपाळाला कुंकू लावायला हात उचलला तोच काका कोसळले. धामणगावचं ते ऊन, पत्र्याचा हॉल, सकाळपासून काका पाहुण्यांच्या मागे उभ्यानं. मी पाटावर होते, ओटी भरणं चाललं होतं. "खाली झोपवा त्यांना" असं मी म्हणाले. एकदाच म्हणाले. तेवढ्यात कुणीतरी बाई मोठ्यानं ओरडली, "भुईवर घेऊ नका!" आणि सगळं तिथंच फिरलं. कुंदननं आणि त्याच्या बाबांनी काकांना खुर्चीत बसवलं, दोन्हीकडून दंड धरले, मान सरळ केली. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. मग काकांच्या हातापायांना झटके आले आणि बाया रडायला लागल्या.

तुम्ही गाडीत घालून त्यांना नेलंत आणि इकडे उरलेला कार्यक्रम उरकला. मी पेढा खाल्ला, काकू. फोटोत हसतेय मी.

डॉक्टर काय म्हणाले ते कळव.

तुझी,
गीता


जठारपेठ, अकोला
२७ मे

गीता,

पत्र मिळालं. अक्षर डॉक्टरसारखंच झालंय, पण लागलं.

तुझे काका आहेत. आहेत एवढंच म्हणते. दिवसभर झोपतात. त्या दिवशी गजेंद्रनं गाडी थेट दवाखान्यात नेली. माझ्या बहिणीचा मुलगा आहे, जीव लावतो, पण त्याला गोष्ट सांगायला बसवलं की तो नाटक करतो. डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं होतं?" तर यानं उभं राहून हातपाय झाडून दाखवले. "असे झटके, डॉक्टरसाहेब, असे!" मला कुणी विचारलं नाही. बहिऱ्या बाईशी ओरडत कोण बसणार? दुसऱ्या दिवशी मेंदूचा फोटो काढला, तो चांगला आला. हृदयाची पट्टीही काढली, तीही बरी होती. तरी डॉक्टरांनी मिरगीच्या गोळ्या लिहून दिल्या. गाडी चालवायची नाही, विहिरीजवळ जायचं नाही, एकटं राहायचं नाही.

तुझ्या काकांना घरात बसवणं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. झेंडूची रोपं टाकायचे दिवस आलेत. मळा दुसऱ्याच्या भरवशावर आहे. गाडीची किल्ली मी तांदळाच्या कोठीत लपवली आहे आणि ते ती शोधत फिरतात, मधेच भिंतीला टेकून पेंगतात. काल मला म्हणाले, "सुभद्रे, मी येडा झालो काय वं?" जन्मभर या माणसानं मला कधी असं विचारलं नव्हतं.

शेजारच्या आशाबाई येऊन गेल्या. जोडा हुंगवा म्हणे, उतरते. मी म्हटलं, तुमचाच द्या, मोठा आहे.

आता मला एकच सांग. तू अपघात विभागातली डॉक्टर. रोज असे पडलेले लोक तुझ्यासमोर आणून टाकतात. तू समोर होतीस. ही मिरगी होती का? तू हो म्हणालीस तर मी गोळ्या देत राहीन आणि त्यांना समजावीन. दुसऱ्या कुणाचं मला पटत नाही.

आणि ते ओरडणं. त्यांच्याकडचीच कुणीतरी होती. गंगूबाईच असतील. होणाऱ्या सासूचं नाव कसं घ्यायचं म्हणून तू घेत नाहीस, मला कळतं.

काकू


अमरावती
१ जून

काकू,

गोळ्या एकदम बंद करू नका. ते धोक्याचं असतं. डॉक्टर सांगतील तसंच करा.

मिरगी होती की नव्हती हे एका प्रसंगावरून ठरवणं सोपं नसतं. पडलेला माणूस आमच्याकडे येतो तेव्हा बहुतेक वेळा शुद्धीवर आलेला असतो, तपासून फारसं हाती लागत नाही. ज्यानं पडताना पाहिलं त्याला विचारावं लागतं. तुला कुणी विचारलं नाही म्हणालीस, तर मी विचारते. पडण्याआधी काका काही बोलले का? चेहरा कसा झाला होता? झटके पडल्याबरोबर आले की नंतर? जीभ चावली होती का? शुद्धीवर आल्यावर ओळखत होते का, की भांबावले होते? सवडीनं आठवून लिही.

गंगूबाईंबद्दल तू लिहिलंस ते तसंच असेल.

इकडे ड्युट्या फार आहेत. उन्हाचे पेशंट अजून येतायत. कुंदनचा फोन असतो रोज. तो काकांची चौकशी करतो.

गीता


जठारपेठ
८ जून

गीता,

मी सरळ प्रश्न विचारला आणि तू मला प्रश्नपत्रिका पाठवलीस. असो. सोडवते.

पडण्याआधी ते बोलत होते. कुंदनला म्हणत होते, "जावईबापू, टोपी जरा मांगं..." आणि पुढचा शब्द आलाच नाही. चक्कर येते म्हणाले नाहीत, डोक्याला हात लावला नाही, कशाला धरायला गेले नाहीत. बोलता बोलता दिवा मालवावा तसे गेले. चेहरा पांढराफटक. आपण चुन्यात हात घालतो तेव्हा हात दिसतो ना, तसा.

पडले तेव्हा झटके नव्हते. अंग मऊ होतं, अगदी लेकरासारखं. झटके खुर्चीत बसवल्यावर आले. जीभ चावली नाही, मी दुसऱ्या दिवशी बघितली. नंतर गाडीत मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं माझ्या मांडीवर. गाडी हॉलच्या फाटकातून निघालीही नव्हती, तर डोळे उघडले. तोंड लालबुंद झालं होतं, ताप चढल्यासारखं. माझ्याकडे पाहून पहिलं काय बोलले सांगू? "पावण्यांचं जेवण झालं काय?" त्यांच्या ओठांवरून मी सगळं वाचते. भांबावले असते तर पाहुण्यांच्या पंगतीची काळजी केली असती का?

आता मी विचारते. मी रोज कशाला कान लावून बसत नाही, म्हणून माझे डोळे रिकामे असतात. त्या दिवशी मी तुलाही पाहिलं. तू पाटावरून उठलीस. पदर सावरलास, एक पाऊल टाकलंस. आणि परत बसलीस.

का बसलीस?

या आठवड्यात ते दोनदा म्हणाले की गीताला बोलाव, तिला ठाऊक असंल. मी म्हटलं ती कामात आहे.

काकू


अमरावती
१३ जून

काकू,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ड्युटीवर गेले नाही.

ती मिरगी नव्हती. मला त्याच वेळी कळलं होतं. माणूस घेरी येऊन पडतो म्हणजे डोक्याला रक्त पोचत नाही. आडवं केलं, पाय उचलून धरले की रक्त डोक्याकडे येतं आणि माणूस जागा होतो. त्यालाच उभा धरला, खुर्चीत ताठ बसवला, तर रक्त खालीच राहतं, मेंदू उपाशी राहतो आणि अंग झटके देतं. ते दिसतं मिरगीसारखं, असतं आपण केलेलं. आम्हाला हे पहिल्या वर्षीच सांगतात. नव्या पोरांना मीच शिकवते हे.

आणि आपल्यात माणूस भुईवर कधी घेतात? शेवटचा श्वास असतो तेव्हा. म्हणून तर घरात कुणाला घेरी आली की आधी त्याला उठवून बसवतात. साक्षगंधाच्या मांडवात मुलीच्या बापाच्या जागी उभा असलेला माणूस भुईवर घेतला असता तर अर्धे लोक तिथंच रडायला लागले असते आणि उरलेल्यांनी हे लग्न अशुभ ठरवलं असतं. मला हे सगळं दिसत होतं. आणि मी बसले.

याहून वाईट सांगायचं राहिलंय. काकांच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी मला फोन केला होता. गजेंद्रनं माझा नंबर दिला होता त्यांना. डॉक्टर भला माणूस आहे. विचारलं, "मॅडम, तुम्ही समोर होता, नेमकं काय पाहिलंत?" मी म्हणाले, मी विधीत होते, नीट पाहिलं नाही. काकू, मी असं म्हणाले. खुर्चीचं सांगितलं असतं तर कोणी धरलं, का धरलं, हेही आलं असतं. कुंदन आणि त्याचे बाबा. साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी. मी एक वाक्य गिळलं आणि त्यावर काकांना गोळ्या लागल्या.

काल त्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. तुझं पत्र शब्दन् शब्द वाचून दाखवलं. तुझ्याइतकं नेमकं तिथं कुणीच पाहिलं नव्हतं, काकू. ते म्हणाले, बोलता बोलता, काही कल्पना न येता पडणं आणि नंतर तोंड लाल होणं, हे हृदयाचं असू शकतं. ठोका मधेच थांबत असेल. त्या दिवशीची पट्टी चांगली आली कारण तेव्हा तो थांबला नव्हता. छातीला लावून ठेवायचं एक मशीन असतं, दिवसरात्र ठोके टिपतं. ते येत्या गुरुवारी लावायचं ठरलंय. गोळ्या कशा कमी करायच्या तेही ते सांगतील. आता यात टाळाटाळ नको.

तोवर पुन्हा पडले तर भुईवर घे. ऐकतेस ना? जिथं पडतील तिथं, पाठीवर. पाय एखाद्या उशीवर किंवा पाटावर उंच. गळ्याची, कमरेची बटणं सैल. तोंडात पाणी नाही, कांदा नाही, जोडा नाही. उलटी झाली तर कुशीवर. श्वास दिसत नसेल तर १०८ ला फोन आणि छाती दाबायची, ती कशी दाबायची ते आकांक्षाला मी फोनवर करून दाखवलंय. शुद्धीवर आले तरी लगेच उठवायचं नाही. आणि कोण काय ओरडतं तिकडे बघू नकोस.

काल गंगूबाईंनाही फोन केला. म्हटलं, तुम्ही ओरडलात म्हणून माझ्या काकांना खुर्चीत बांधून ठेवल्यासारखं धरलं आणि त्यांच्यावर मिरगीचा शिक्का बसला. बरंच बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी "बरं बाई" म्हणून फोन ठेवला. संध्याकाळी कुंदनचा आला. "माझ्या आईला तू असं बोलूच कशी शकतेस?" मीही ऐकलं नाही. त्यानंतर फोन नाही. आई म्हणते, आता लग्न राहतं की नाही देव जाणे. राहिलं नाही तर नाही. काकांपुढे मला त्याचं काही वाटत नाही.

गीता


जठारपेठ
३० जून

गीता,

काका बरे आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे तुला पुढचं वाचता येईल. फोनवर आकांक्षानं तुला कळवलंच आहे, पण ती तिथं नव्हती, मी होते. म्हणून लिहिते.

मशीन लावायच्या आदल्या दिवशीच झालं. सकाळची वेळ. अंगणात बाजेवर बसून ते मळ्यातल्या गड्याला रागे भरत होते. उठले, चप्पल पायात घालतायत तोच गेले. मी समोरच गवार मोडत होते. कसं धरलं मला आठवत नाही, पण डोकं आपटू दिलं नाही. फरशीवर पाठ टेकवली. गवारीचं सूप उपडं करून त्यावर त्यांचे पाय ठेवले. तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलं होतं की हात आपोआप चालले.

आशाबाई भिंतीवरून डोकावल्या आणि त्यांनी पाहिलं की मी यांना भुईवर घेतलंय. झालं. त्या छाती बडवत आल्या. पाठोपाठ अख्खी गल्ली. कुणी तुळशीचं पान घेऊन आलं, कुणी गंगेच्या पाण्याची लोटी. एक जण त्यांना उचलून बसवायला वाकला, त्याच्या हातावर मी फटका मारला. सगळ्यांची तोंडं हलत होती, मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. बहिरेपणाचा एवढा उपयोग मला कधी झाला नव्हता.

त्यांच्या मनगटावर बोट ठेवलं होतं. मोजलं नाही, सुचलंच नाही. पण एक ठोका लागला आणि दुसरा येईपर्यंत माझा गजानन महाराजांना अख्खा नवस बोलून झाला. मग तिसरा आला. मग भराभर. चेहरा लाल झाला, डोळे उघडले. भोवतीची माणसं पाहिली, तुळशीचं पान पाहिलं, आणि आशाबाईंना म्हणाले, "कोन मेलं?"

झटका एकही आला नाही, गीता. एकही नाही.

त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. पट्टी काढतानाच ठोका पुन्हा थांबला, डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिला. चार दिवसांनी छातीत ठोका चालू ठेवणारं मशीन, पेसमेकर, बसवलं. मिरगीच्या गोळ्या बंद होतायत. काल मळ्यात जाऊन आले, गजेंद्रच्या गाडीवर मागे बसून. रोपं वाळली म्हणून त्याच्यावर ओरडले. मला बरं वाटलं.

आता दुसरं. दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून मी हेच ठरवत होते की लिहू की नको.

त्या दिवशी ओरडली ती मी.

गंगूबाई नाही, त्यांच्याकडची कुणी नाही. मी. हे पडले आणि दोघं जण त्यांना खाली टेकवायला लागले. जमीन आणि त्यांची पाठ यात वीतभर अंतर होतं. मला त्यात माझ्या सासऱ्यांना भुईवर घेतलं तो दिवस दिसला. तोंडातून निघून गेलं. मला माझा आवाज ऐकू येत नाही, किती मोठा निघाला तेही कळलं नाही. मनातल्या मनात म्हटल्यासारखं वाटलं होतं. तुझ्या पत्रात "मोठ्यानं ओरडली" वाचलं तेव्हा कळलं.

आणि मी गंगूबाईंचं नाव लिहिलं. का, तर मला माझ्या हातानं नवऱ्याला मारलं असं म्हणवेना. तुला वाटलं तू वाक्य गिळलंस. मी तर वाक्य दुसऱ्या बाईच्या तोंडात घातलं. त्यावर तू फोन केलास, बोललीस, जमलेलं लग्न मोडायला आणलंस. तुझं तेराचं पत्र आलं तेव्हाच मी हे लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण तू त्यात माझं कौतुक केलंस आणि मला ते हवं होतं.

यांना दिवसभर सोडून जाता येईल असं वाटलं की मी धामणगावला जाणार आहे. गजेंद्रला नेत नाही. तो नाटक करील. एकटी जाईन.

काकू


जठारपेठ
१२ जुलै

गीता,

माझ्या पत्राला उत्तर आलं नाही. रागावली असशील. तो तुझा हक्क आहे, मी त्यावर काही म्हणत नाही. पण धामणगावला जे झालं ते तुला कळलंच पाहिजे.

बुधवारी सकाळच्या गाडीनं गेले. कानात मशीन घालून गेले, आकांक्षाला सांग. स्टेशनवरून ऑटो केला. गंगूबाई ओसरीत तूर निवडत होत्या. मला पाहून उठल्या, पाणी दिलं, काकांची तब्येत विचारली. मी बसले नाही. आधी सांगून टाकलं. म्हटलं, ताई, भुईवर घेऊ नका असं मी ओरडली आणि नाव तुमचं घातलं. पोरीनं माझ्या सांगण्यावरून तुम्हाला बोल लावले.

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "मले ठाऊक आहे बाई. तुमी माया बाजूलेच उभ्या होत्या. माया कानात दडे बसले तुमच्या आवाजानं."

मी म्हटलं, मग पोरगी फोनवर बोलली तेव्हा तुम्ही सांगितलं का नाही?

"काय सांगू? का तुही काकू ओरडली म्हून? तुमचा नवरा आजारी, त्यात हे. आन् तुमी नसत्या ओरडल्या तं म्या ओरडली असती. शुभकार्यात मानूस भुईवर कोन घेते?" मग जरा थांबल्या. "मले बोलली त्याचं काई नाई. पन एक गोष्ट मले लागली. तुमची पोरगी पाटावरून उठली, मंग तुमी ओरडल्या, तवा तिनं वळून तुमच्याकडंच पाह्यलं. तुमचं तोंड पाह्यलं आन् बसली. तिले ठाऊक होतं कोन ओरडलं. ठाऊक असून मले बोलली."

मी म्हटलं, नाही, असं नसेल. त्यांनी पुन्हा सुपात मान घातली.

परत येताना गाडीत मी तेच घोळवत होते. बडनेऱ्यापर्यंत मी त्यांच्याशी मनात भांडत होते. मूर्तिजापूर आलं तेव्हा भांडण संपलं. दोन वर्षं मी तुला पहाटे उठवायचे. अख्खी गल्ली उठायची, असं तूच सांगायचीस.

खरं आहे का, गीता?

काकू


अमरावती
२० जुलै

काकू,

खरं आहे.

तुझा आवाज मी कोणत्याही गर्दीत ओळखेन. मी उठले, तू ओरडलीस, मी वळून पाहिलं, तुझा चेहरा पाहिला आणि बसले. सासू, मांडव, अशुभ, हे सगळं मी नंतर जमवलं. खरं एवढंच की तू नको म्हणालीस. तुला चारचौघांत खोटं पाडायची हिंमत मला झाली नाही. मी डॉक्टर होते आणि तू घाबरलेली होतीस. तुझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडणं माझं काम होतं.

पहिल्या पत्रात मी "कुणीतरी बाई" लिहिलं ते तुला वाट मोकळी करून द्यायला. तू "मी ओरडले" लिहिशील असं वाटलं होतं. तू गंगूबाईंचं नाव लिहिलंस, आणि मला हायसं वाटलं. तू सुटलीस, मीही सुटले. तू आणि मी सोडून तिसरं कुणीतरी हवं होतं, ते मिळालं. पुढे मी ते इतकं खरं धरलं की फोनवर रागानं रडलेसुद्धा. तो राग खोटा नव्हता, काकू, हेच मला समजत नाही. माझ्यावरचा होता, गेला त्यांच्यावर. आणि तुझा कबुलीजबाब आला तेव्हा मी उत्तर दिलं नाही, कारण त्यात तू सगळा दोष स्वतःकडे घेतला होतास, आणि मी दोन आठवडे तो तुझ्याकडेच राहू दिला.

आज धामणगावला जाऊन आले. न कळवता. गंगूबाईच दारात आल्या. कुंदन आतून आला आणि भिंतीशी उभा राहिला. मी दोघांच्या समोर सांगितलं. डॉक्टरांना फोनवर काय बोलले तेही सांगितलं, ते कुंदनला ठाऊक नव्हतं. रडले नाही. रडणं म्हणजे त्यांनीच माझी समजूत काढायला लागणं, तेवढं तरी मी टाळलं.

सगळं ऐकून गंगूबाई म्हणाल्या, "बरं केलं, आली. मले बोलली ते मी केवाच सोडलं. पन एक सांग. उद्या तुह्या दवाखान्यात मानूस पडन. त्याच्या घरचं कोनी ओरडन, असं नको करू, तसं नको करू. तवा बी त्याच्या तोंडाकडं पाहून बसशील काय?"

मी नाही म्हणाले.

"आमी कसं मानावं?" त्यांनी विचारलं. टोचून नाही. खरंच विचारलं.   मी म्हणाले, माझ्या शब्दावर मानू नका.

 त्या कुंदनला म्हणाल्या, "हिले स्टेशनवर सोडून ये." लग्नाचं त्यांनी काढलं नाही आणि मीही नाही.  रेल्वे उशिरा होती. मी म्हटलं, तू जा. तो गेला नाही, पण बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

पुढच्या रविवारी मी अकोल्याला येतेय. काकांना हे सगळं मी स्वतः सांगणार आहे, तू आधी सांगू नकोस. ते हसण्यावारी नेतील, मला माहीत आहे, आणि तेच मला सगळ्यात जड जाणार आहे.

गीता